हरिओमची खुर्ची

हरिओम भुतेकरची निवड झाल्याची बातमी चिखलीत सगळ्यांत आधी अविनाश लहासेला कळली, आणि त्यानं ती कुणालाही सांगितली नाही.

निवड खेळाडू म्हणून नव्हती. आशियाई स्पर्धेत बॅडमिंटनच्या प्रत्येक कोर्टाभोवती लाईनमन बसतात. खुर्ची टाकून एकाच रेषेवर नजर ठेवायची आणि शटल आत पडलं की बाहेर ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. बाहेर असेल तर दोन्ही हात पसरून मोठ्यानं ‘आऊट’ म्हणायचं. आत असेल तर तोंड न उघडता हातानं रेषा दाखवायची. या कामासाठी परदेशी जाणाऱ्यांत चिखलीजवळच्या मळ्यात वांगी-टोमॅटो पिकवणारा हरिओम होता. अविनाश नव्हता.

हरिओमला या खेळात आणलं होतं अविनाशनंच. अविनाशचं बसस्टँडजवळ बी-बियाणं आणि खतांचं दुकान. शाळेत असल्यापासून तो कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत खेळायचा. थंडीत सरकीच्या ढिगांपलीकडं बल्ब लटकवायचे, चुन्यानं रेषा आखायच्या आणि रात्री नऊ-दहापर्यंत शटलची हाणामारी. तालुक्यात अविनाशसारखा हात कुणाचा नव्हता. सांगाल त्या रेषेवर शटल टाकायचा. पुढं क्रीडा संकुलात मॅटचं कोर्ट झालं. त्याच सुमारास हरिओमला साखर निघाली आणि डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलं, म्हणून अविनाश त्याला हाताला धरून घेऊन गेला. हरिओमच्या हातात रॅकेट कुदळीसारखी दिसायची. दोन महिन्यांत सुधारणा नाही म्हटल्यावर अविनाशनं त्याला कोर्टाबाहेर खुर्ची दिली. “तू बस बे इथं, अन् आत-बाहेर सांग. मधी लुडबुडू नको.”

हरिओम बसला, तो बसलाच.

पुढं दोघांनी पंचांच्या परीक्षा सोबतच दिल्या. जिल्हा झाला, राज्य झालं. नागपूरच्या निवड चाचणीत मात्र दोघांच्या वाटा फुटल्या. अविनाशचा एकही निर्णय चुकला नाही. परीक्षकांनीच तसं सांगितलं. पण प्रत्येक निर्णय उशिरा आला. जिनिंगमागच्या कोर्टावर कुणी कुणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं नाही. भांडण झालं की सगळे खाली वाकून बघायचे, चुना उडाला का? उडाला तर शटल आत. त्या एका क्षणाची वाट पाहणं अविनाशच्या अंगात इतकं मुरलं होतं, की नागपूरच्या हिरव्या मॅटवरही तो धुरळ्यासाठी थांबत होता. हरिओम चुन्यावर कधी खेळलाच नव्हता. त्याचे हात शटलच्या आधी पसरायचे.

“तुमच्या मित्राचं नाव पेपरात आलं,” चार दिवसांनी मंजुश्रीनं चहासोबत पेपरही पुढं ठेवला. “तुम्हाले माहीत होतं?”

“हाव.”

“मंग बोलले नाही ते?”

“त्यात काय बोलायचं? खुर्चीवर बसाले चालला. विमान चालवाले नाही.”

मंजुश्रीनं नवऱ्याकडं पाहिलं. सतरा वर्षं संसार केलेल्या बाईला काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. “साखर टाकू का अजून? तोंड कडू दिसते तुमचं,” एवढंच ती म्हणाली.

सत्काराला प्रास्ताविक अविनाशला करावं लागलं. त्यात ‘माझाच विद्यार्थी’ हे शब्द तीनदा आले. तिन्ही वेळा स्टेजवर बसलेल्या हरिओमनं मनापासून मान हलवली. अविनाशला राग आला तो त्या मान हलवण्याचा. तो माणूस आपल्याला साधं खोटंसुद्धा पाडत नव्हता.

त्याच संध्याकाळी, गळ्यातला हार अजून हातात असताना, हरिओम दुकानात आला. “अवि, जायच्या आधी नजर बसवा लागते. रोज लाईनवर मारून देशील का मले? तुझ्यावानी लाईनवर मारणारा आख्ख्या जिल्ह्यात नाही.”

“देतो ना,” अविनाश लगेच म्हणाला. हरिओमला वाटलं, मैत्री. मंजुश्रीला तसं वाटलं नाही.

अविनाशला फक्त एक चूक हवी होती. हरिओमनं एकदा, एकदाच चुकीचे हात पसरावेत, मग तो म्हणणार होता, “अन् तुले पाठवून राह्यले का?” वाक्य तयार होतं. त्यासाठी दुकान लवकर बंद होऊ लागलं. तो मनगट शेवटच्या क्षणी वळवायचा, स्मॅशचा आव आणून शटल नुसतं सोडायचा, बुचाची कड रेषेला जेमतेम चाटेल अशा बेतानं मारायचा. इतकं जीव तोडून तो स्वतःच्या कुठल्याच सामन्यात खेळला नव्हता. खांदा दुखायला लागला तेव्हा मंजुश्रीनं तेल लावून दिलं. “दुश्मनीसाठीसुद्धा एवढं कोणी करत नाही,” ती म्हणाली.

पहिल्या आठवड्यात हरिओम अधूनमधून अडखळला, पण अडखळला म्हणजे चुकला नाही. नंतर अडखळणंही गेलं. दर संध्याकाळी खुर्चीवरून उठताना तो म्हणायचा, “काय मारतं बे तू! तिथं यापेक्षा अवघड काय येईन?” अविनाश शटल गोळा करायचा आणि आपलं तयार वाक्य तसंच पोटात ठेवून घरी यायचा.

हरिओम गेला. स्पर्धा सुरू झाली. दुकानात काउंटरवर, युरियाची किंमत लिहिलेल्या पाटीला टेकवून अविनाशनं मोबाईल उभा केला. बघायला गिऱ्हाईकं जमली. त्यांत मळ्याशेजारचे उत्तमराव होते. समोर इंडोनेशियाची मुलगी थायलंडच्या मुलीशी खेळत होती.

“आपली पोरगी कोणती हो यातली?” उत्तमरावांनी विचारलं.

“कोणतीच नाही. आपल्या मॅचले आपला लाईनमन बसवत नाहीत, काका.”

“काऊन? हरिओमले भेतात का काय?”

सगळे हसले. हरिओम मागच्या रेषेपाशी, कोपऱ्यात, अंगठ्याएवढा दिसत होता. पाठ ताठ, हात मांडीवर. अविनाश खेळ बघत नव्हता. तो त्या रेषेवर नजर लावून बसला होता आणि प्रत्येक शटलला हळूच आपला निर्णय देत होता. तो आणि हरिओम, दोघांचं जुळत गेलं.

दुसऱ्या गेममध्ये अटीतटीच्या वेळी इंडोनेशियाच्या मुलीनं उंच शटल मागं टाकलं.

“आत!” अविनाश ओरडला.

पडद्यावर हरिओमचे दोन्ही हात पसरले. बाहेर.

इंडोनेशियाच्या मुलीनं रिव्ह्यू मागितला. दुकानातले सगळे मोबाईलवर वाकले. मोठ्या पडद्यावर शटल हळूहळू खाली आलं, थांबलं, आणि बुचाची कड रेषेवर टेकलेली दिसली. आत.

अविनाश स्टुलावरून उठला. “म्या म्हटलं होतं! म्हटलं होतं का नाही? तुम्ही ऐकलं ना, काका?”

“हो, म्हटलं ना बाप्पा,” उत्तमराव पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. “पण पाहा तरी, हरिओम केवढा मोठा दिसून राह्यला!”

खरंच दिसत होता. निर्णय फिरला म्हणून कॅमेरा त्याच्यावर गेला होता आणि हलत नव्हता. कोपऱ्यातला अंगठाभर माणूस आता कपाळावरच्या घामासकट अख्खा पडदा व्यापून बसला होता. चेहऱ्यावर काही नाही. लाईनमननं चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नसतं. गिऱ्हाईकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. अविनाशच्या बरोबर निर्णयाबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही. उत्तमरावांनी दोन पोती युरिया उधार मागितला.

हरिओम परतला तो थेट दुकानात आला. “ते शटल पाह्यलं का तू?”

“पाह्यलं. आत होतं.”

“हाव, आत होतं. तिथल्या तिथंच समजलं मले. पण हात पसरून झाले होते.” हरिओम स्टुलावर टेकला. “मोठ्या पडद्यावर दाखवलं अन् सगळं स्टेडियम ‘ओ’ म्हणालं, अवि. हजारो माणसं.”

अविनाशला तो आवाज ऐकू आला. एका चुकीसाठी हजारो माणसांचा ‘ओ’. वाक्य तयार होतं, महिनाभर तयार होतं, पण आता ते म्हणण्यात काही अर्थ उरला नव्हता. “दिवाळीनंतर पुन्हा निवड आहे नागपूरले,” तो म्हणाला. “या वेळी मीबी चाचणीले बसून राह्यलो. उद्यापासून तू मार, मी खुर्चीवर.”

“काऊन नाही? तू माझ्यासाठी केलं, मी नाही का करणार?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अविनाश रेषेसमोर खुर्ची टाकून, पाठ ताठ करून बसला. धुरळ्यासाठी थांबायचं नाही, एवढंच मनात घोकत होता. पलीकडून हरिओमनं पहिलं शटल मारलं. ते जाळीत गेलं. दुसरं शेजारच्या कोर्टावर खेळणाऱ्यांत पडलं. तिसरं मागच्या भिंतीवर.

“लाईनवर मार बे!”

“मारून तर राह्यलो!”

तासभर तो इमानदारीनं मारत राहिला, घामानं भिजला, पण रेषेच्या वीतभर जवळही एक शटल आलं नाही. ज्यावर नजर पारखावी असं काही समोर पडतच नव्हतं. अविनाश हात पसरत होता, ‘आऊट’ म्हणत होता, पुन्हा हात पसरत होता.

“बरोबर!” जाळीपलीकडून हरिओम खुश होऊन ओरडला. “एकही चुकून नाही राह्यला तू, अवि!”

पुढचं शटल दीड फूट बाहेर पडलं. अविनाशनं हात पसरले.