मेम्फिसचं पाकीट आणि विलासचं सुतक

गेल्या माघात आमच्या घरी एका धडधाकट माणसाचं सुतक पाळलं गेलं. तो माणूस त्या वेळी अमेरिकेत पांघरूण ओढून झोपला होता, आणि त्याला मारण्याचं सगळं श्रेय माझ्या छंदाकडे जातं.

मी टपालाची तिकिटं जमवतो. काशीतल्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत याचा अर्थ 'रिटायर झाल्यापासून जरा डोक्यावर परिणाम झालाय' असा घेतात, आणि मी तो खोडून काढायच्या भानगडीत पडत नाही. त्यातून मी जमवायला घेतली ती तिकिटं अशी, की ती म्हणजे काय हे सांगता सांगता समोरचा माणूस चहा संपवून निघून जातो. तुम्ही बसलाच आहात तर सांगतो. अमेरिकेत यादवी झाली तेव्हा दक्षिणेकडची राज्यं भांडून वेगळी झाली. नवं सरकार थाटलं, झेंडा केला, फौज उभी केली, आणि ऐन वेळी लक्षात आलं की पत्रावर लावायला तिकिटंच नाहीत! (इतिहासकार हे जरा वेगळ्या शब्दांत सांगतात.) मग सरकारी तिकिटं येईपर्यंत गावोगावच्या पोस्टमास्तरांनी आपापली तिकिटं छापून घेतली. ती चालली काही महिनेच. म्हणून ती दुर्मीळ, आणि पाकिटावर चिकटलेली, टपालातून खरोखर फिरून आलेली तर फारच दुर्मीळ.

हे सगळं मी नलिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, एकदा मन लावून समजावलं.

"म्हणजे जुगाडच की," ती म्हणाली.

"हो, तसंच."

"मग त्यात एवढं काय? आपल्याकडे तर रोज होतं."

तरी मी निश्चय सोडला नाही. टेनेसीतल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाशी माझी कित्येक वर्षं अदलाबदल चालली होती. मी त्याला ग्वाल्हेर, इंदूर अशी जुन्या संस्थानांची तिकिटं पाठवायचो, तो मला किरकोळ काहीबाही पाठवायचा. शेवटी त्याला माझी दया आली असावी. त्यानं मेम्फिस गावच्या पोस्टमास्तराचं, पाच सेंटांचं तिकीट लावलेलं एक अख्खं पाकीट पाठवलं. तांबडं तिकीट, मधोमध पाचाचा आकडा. पाकिटाचा एक कोपरा मात्र फाटलेला होता. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी घाईनं उघडलं असणार. कोपरा शाबूत असता तर ते माझ्या वाट्याला आलंच नसतं, त्यामुळे त्या अनोळखी घाईखोराला मी मनोमन दंडवत घातला.

शहरात तिकिटांचं प्रदर्शन सुरू होणार होतं आणि त्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत आपापल्या फ्रेमा नेऊन द्यायच्या होत्या. माझ्या फ्रेमच्या मधोमध हे पाकीट लागणार, असा मी निश्चय केला. त्या आदल्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते त्याच्या प्लॅस्टिकच्या पाकळीसकट, म्हणजे पारदर्शक पिशवीसकट, देवघरात देवाच्या पायाशी ठेवलं. घरात नवी वस्तू आली की आधी देवापुढे ठेवायची, ही आमच्याकडची रीत. (हळदकुंकू वाहिलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.) आणि फ्रेमसाठी काळा कागद आणायला मी गोदौलियाच्या बाजारात गेलो. आनंदानं पोट इतकं भरलं होतं की पोहेसुद्धा खाल्ले नाहीत. हे पोहे पुढे माझ्याविरुद्ध साक्षीला आले.

आता काकूबद्दल सांगायला हवं. काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. वय चौऱ्यांशी, नजर घारीची, इंग्रजी शून्य. ती आमच्याकडेच असते, किंवा खरं सांगायचं तर आम्ही तिच्याकडे असतो. काकूच्या लहानपणी मृत्यूची बातमी यायची ती कोपरा फाडलेल्या पत्रानं. कोपरा दिसला की पत्र घरात आणायचं नाही. दारातच वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि सगळ्यांनी डोक्यावरून अंघोळ करायची. आता बातम्या मोबाइलवर येतात, कोपरे कुणी फाडत नाही. पण काकूनं ही रीत रद्द झाल्याचं कुणाकडूनच ऐकलेलं नव्हतं. ती पूजेला बसली आणि देवाच्या पायाशी तिला कोपरा फाटलेलं पत्र दिसलं.

पुढचं मी नलिनीकडून ऐकलेलं सांगतो.

"नलू, इकडे ये. हात लावू नकोस. कोण गेलं बघ."

"काकू, यांचंच काहीतरी असेल हो."

"मधूचंच आहे. त्याला कळलंय. सांगवेना बिचाऱ्याला, म्हणून देवापाशी ठेवून बाहेर निघून गेला. पोहे खाल्ले त्यानं?"

"नाही."

"बघ."

मग समोरच्या केळकर मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तरांनी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे गल्लीत इंग्रजी कागद आला की तो त्यांच्या डोळ्यांखालून जातोच. त्यांनी चष्मा पुसला, पाकीट पाकळीतूनच उजेडाला धरलं.

"अक्षर फार वळणदार आहे. टेनेसी लिहिलंय. अमेरिका."

"विलास!" काकू म्हणाली आणि मटकन खाली बसली.

विलास आमच्या भावकीतला, माझ्याच वयाचा. तो राहतो न्यू जर्सीला. पण काकूच्या हिशेबात अमेरिका हे एक गाव आहे आणि तिथे विलास राहतो.

"आत काय लिहिलंय, मास्तर?"

"आत काहीच नाही. रिकामं आहे."

"लिहवलं नसेल त्याच्या बायकोला," काकूनं डोळ्यांना पदर लावला. "आणि ते लाल काय आहे?"

"पाचाचा आकडा आहे. मोठा."

"म्हणजे पाच दिवस झाले. पाच दिवसांचं सुतक उरलं."

मास्तरांनी मान डोलावली. तीस वर्षं मुलांना उतारे समजावलेल्या माणसाला त्या आकड्याचा दुसरा अर्थ सुचला नाही, आणि सुचला असता तरी काकूपुढे त्यानं तोंड उघडलं नसतं. नलिनीनं विलासला फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला. तो नुसता वाजत राहिला. तिकडे रात्र होती, पण रडणाऱ्या माणसाला घड्याळाचं भान कुठून असणार?

आता प्रश्न पाकिटाचा आला. मरणाचं पत्र फाडायलाच हवं. पण देवाच्या पायाशी ठेवलेली वस्तू फाडायची नाही. दोन रीती समोरासमोर उभ्या राहिल्या आणि काकूनं क्षणभर विचार करून निकाल दिला.

"निर्माल्यात घाला आणि गंगाजीत सोडा. मास्तर, तुम्हाला आमचं सुतक नाही, तुम्हीच जा."

मी काळा कागद घेऊन, शीळ घालत घरी आलो तेव्हा दारात काकू ओल्या केसांनी बसलेली. चूल थंड. मास्तरांच्या बायकोनं पिठलंभात करून आणलेला. मी काही विचारायच्या आत काकूनं थंडगार पाण्याची बादली माझ्या डोक्यावर ओतली. माघात!

"काय झालं? कोण गेलं?"

"विलास गेला रे, मधू."

मी उंबऱ्यावरच बसलो आणि रडलो. खोटं कशाला सांगू, हमसून रडलो. विलास आणि मी इथल्याच पंचगंगा घाटावर, गंगेत, एकत्र पोहायला शिकलो. नावेचा दोर धरून पाय मारायचो आणि तो माझं डोकं पाण्यात दाबायचा. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला होता आणि मी तिकिटं सारखी करत होतो म्हणून दोन मिनिटांत ठेवला होता. ते आठवून आणखी रडलो.

"कसं कळलं?" मी नाक पुसत विचारलं.

"म्हणजे काय? तूच तर पत्र ठेवलंस देवापाशी. कोपरा फाटलेलं."

मी रडायचा थांबलो.

"लाल आकडा असलेलं?"

"तेच."

"विलास मरू दे, पाकीट कुठंय?"

मास्तरांच्या बायकोनं हातातलं पातेलं हळूच खाली ठेवलं. नलिनी माझ्याकडे बघतच राहिली. काकू मात्र हळुवारपणे म्हणाली, "डोकं फिरलंय त्याचं दुःखानं. गंगाजीत सोडायला दिलंय, बाळ. मास्तर नुकतेच गेले."

मी धावलो. अंगातून पाणी निथळतंय, दात वाजतायत, पायात एकच चप्पल. गल्लीत एक सांड आडवा बसला होता. एरवी मी त्याला वळसा घालतो, त्या दिवशी मी त्याच्यावरून गेलो. तो उठला नाही. काय झालं ते त्यालाही कळलं नसावं. पानवाला ओरडला, "का भयल, गुरु?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. आमच्या काशीत ओला माणूस रडत घाटाकडे धावताना दिसला की लोक एकच अर्थ लावतात. माझ्यामागे चारपाच जण हळहळत निघाले.

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरताना मला खाली मास्तर दिसले. ते शेवटच्या पायरीवर डोळे मिटून उभे होते आणि हातातली पिशवी रिकामी होती. पाण्यावर झेंडू, बेलाची पानं, आणि त्यांच्या मधोमध माझं मेम्फिस!

पोस्टाच्या जुन्या तिकिटाचा खरा शत्रू पाणी. डिंक भिजला की तिकीट सुटतं, आणि पाकिटावरून सुटलं की संपलं. मी पाण्यात उडी घ्यायला वाकलो तोच मास्तरांनी डोळे उघडले आणि माझ्या कोटाला मिठी मारली.

"मधुकरराव, असा धीर सोडू नका! विलासच्या बायकोचा विचार करा!"

"सोडा मला, मास्तर!"

"नाही सोडणार!"

"अरे पकड़ो, चचा कूद रहे हैं!" एका नाववाल्यानं आरोळी दिली.

मी कोटातून सुटलो. कोट मास्तरांकडे राहिला आणि मी छातीभर पाण्यात गेलो. लहानपणी विलासनं दाबून दाबून शिकवलेलं पोहणं त्या दिवशी कामी आलं. चार हात मारले, झेंडू बाजूला केला आणि पाकीट वर धरून, एका हातानं पोहत परत आलो. नाववाल्यानं बखोटीला धरून मला पायरीवर ओढलं.

पाकळी घट्ट बंद होती. आत पाण्याचा थेंब नाही! मी पाकीट कपाळाला लावलं. यादवी झाली, समुद्र ओलांडला, काकू झाली, गंगा झाली, आणि तरी ते कोरडं होतं. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"घरी चला. अंग पुसा, मग बघा," मास्तर म्हणाले. एवढं शहाणपणाचं वाक्य ते त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले.

"नाही," मी म्हणालो. "आत शिरलं नाही ना पाणी, ते आत्ताच्या आत्ता बघणार."

मी निश्चयाचा पक्का. पाकळी उघडली, पाकीट बाहेर काढलं. खरंच कोरडं होतं. मी वाकून नीट बघितलं, तर माझ्या केसांतून थेंब पडले. दोन तिकिटावर, एक बाजूला. मी घाबरून ते सदऱ्याच्या टोकानं पुसले. सदरा अर्थातच गंगेतून आलेला. मग आणखी घाबरून अंगठ्यानं दाबून धरलं. थोड्या वेळानं अंगठा उचलला तेव्हा तिकीट अंगठ्याबरोबर वर आलं.

मास्तरांनी माझ्या खांद्यावर कोट टाकला.

घरी पोचलो तर फोनवर विलास. रात्री पाणी प्यायला उठला होता म्हणे, आणि बनारसहून आलेले ढीगभर मिस्ड कॉल बघून त्याच्याच काळजाचं पाणी झालं. काकूनं व्हिडिओवर त्याला डोळे भरून पाहिलं, वळून उभा राहायला सांगितलं, दृष्ट काढली, आणि वाळलास म्हणून रागावली. मी विलासशी पाऊण तास बोललो. तिकिटं काही पळून जाणार नव्हती. जायची ती गेलीच होती. तोवर मास्तरांनी काकूला घाटावरची हकिगत पहिल्यापासून सांगितली.

तरी फ्रेम मी दिली. तिथे मी हटलो नाही. मधोमध पाकीट, त्यावर तिकिटाच्या जागी एक फिकट चौकोन, आणि शेजारी सुटं तिकीट. दुसऱ्या दिवशी काकूही प्रदर्शनाला आली. "ज्याच्यासाठी थंडीत डोक्यावरून पाणी घेतलं, ते बघू तर दे," म्हणाली. परीक्षक बाई फ्रेमपाशी थांबल्या. भिंगातून पाकीट बघितलं, तिकीट बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे भगवान, ये सत्यानाश किसने किया?"

मी गंभीर झालो. आवाज खाली आणला. "क्या बताएँ मैडम. घर में एक बुज़ुर्ग हैं, अंग्रेज़ी नहीं जानतीं. उन्होंने गंगाजी में डलवा दिया."

बाईंनी सहानुभूतीनं मान हलवली. तेवढ्यात माझ्या मागून, काठी टेकत, काकू पुढे आली.

"हमने डलवाया था, बिटिया," ती शांतपणे म्हणाली. "गंगाजी में तो सूखा ही था. भिगोया इसने."