सोडायलाही बळ लागतं

एटेल आमच्या सेगेद शहरातल्या प्रयोगशाळेत ससे सांभाळायची. स्नायू कसा आखडतो ते तिथे तपासत, आणि त्यासाठी ससे मारावे लागत. मारण्याआधी ती प्रत्येकाला गाजर भरवायची. मी काचेची भांडी धुवायचे. मला ते लाड पटायचे नाहीत.

तिचा नवरा बालिंट युद्धात डॉन नदीकाठच्या बर्फात गेला. त्याच्या तुकडीतला वेंडेल तेवढा परतला, आणि तेव्हापासून दर रविवारी तिच्याकडे माशाचं सूप ओरपायला हजर. ऐतखाऊ मेला! पण एटेल म्हणायची, "अगं, त्याने माझ्या माणसाला जिवंत टाकलं नाही. शेवटपर्यंत थांबला. तेवढ्यावर मला रात्री झोप लागते."

वेंडेलची गोष्ट ठरलेली. "वहिनी, बालिंट केव्हाच गेला होता, पण माझा पट्टा काही सोडेना. एकेक बोट उघडावं, तर ते पुन्हा मिटायचं. अशी माया!" ती डोळे पुसून त्याला आणखी वाढायची.

एकदा मेलेल्या सशाचा ताठलेला पाय सरळ करताना तिने प्रयोगशाळेतल्या ओल्गा डॉक्टरीणबाईंना विचारलं, "जीव गेला तरी हा एवढा घट्ट कसा?"

"स्नायूत जाड आणि पातळ तंतू असतात," बाई म्हणाल्या. "जाड तंतूंना इवली डोकी असतात. ती पातळ तंतूला पकडतात, ओढतात, सोडतात, पुढे जाऊन पुन्हा पकडतात. त्याने स्नायू आखडतो. पण सोडायलाही इंधन लागतं. मेल्यावर ते संपतं, मग डोकी पकडलेली तशीच अडकतात."

"आणि जोर लावून उघडलं तर?"

"उघडतं, आणि तसंच राहतं. पुन्हा पकडायला जीव लागतो, एटेल."

एटेल तो पाय हातात घेऊन बसून राहिली. मला काही उमगलं नाही. मी बाटल्यांकडे वळले.

त्या रविवारी मीही जेवायला होते. दोन घोट पोटात जाताच वेंडेल सुरू झाला. "एकेक बोट उघडावं, तर..."

"तर ते पुन्हा मिटायचं," एटेल म्हणाली. "मेलेलं बोट मिटत नाही, भाऊजी."

वेंडेलने चमचा वाडग्यात ठेवला. मग खाली बघत तो म्हणाला, "दोघं नसतो वाचलो, वहिनी."

"काही बोलत होता?"

"'थांब' म्हणत होता."

त्याच्या पुढ्यातला वाडगा उचलून एटेलने मोरीत ओतला. त्यानंतर तिला कधी रात्रीची झोप लागली असेल, असं मला वाटत नाही.