चुन्याची द्राक्षं

शिरूरला मिशनच्या ज्या बंगल्यात आम्ही राहत होतो, तो लांबून घडीव दगडाचा वाटे. जवळ गेलं की कळे, आत नुसत्या विटा आणि वर चुन्याचा गिलावा. ओल्या चुन्यात रेघा ओढून दगडाचे सांधे काढलेले. पुढचे जाडजूड खांबही तसेच खोटे. कुणा गोऱ्या साहेबाला आपल्या गावची आठवण अनावर झाली असणार. दारावर मात्र चुन्याची द्राक्षं होती, आणि ती मला खऱ्यांपेक्षा आवडत. वडील तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणून हा थाट आमच्या वाट्याला.

आईला दमा होता. उंच छताची, कमानी खिडक्यांची उत्तरेकडची खोली तिला मानवायची. तिथं तिला आडवं होऊन झोपता येई. आम्हाला तेवढंच हवं होतं.

उपकारस्तुतीच्या सणाला लोक पहिलं पीक देवळात आणत. ज्वारी, भोपळे, कोंबड्या. साठच्या सुमारास एका वर्षी त्यांनी सिमेंट आणलं. परमिटवर मिळणारं, पोटाला चिमटा घेऊन जमवलेलं. पोपडे धरलेला बंगला त्यांना पाहवत नव्हता. "पाळकसाहेब, आता काळजीच न्हाई," मंडळीतले थोरले आप्पा म्हणाले. देवापुढं ठेवलेलं नाकारायचं नाही, हे वडिलांनीच शिकवलेलं. नाताळाआधी बंगला आतबाहेर गुळगुळीत झाला. द्राक्षंही लिंपली गेली.

पावसाळ्यात भिंतींना ओल चढली आणि सुकेचना. चुन्यातून ती निघून जायची, सिमेंटनं आत कोंडली. आईच्या उशीला बुरशी येऊ लागली. ती बसून रात्र काढायची. "बंगल्यालाबी माझ्यावानी दमा जडला," ती हसून म्हणाली, आणि हसताना तिला धाप लागली. मला रडू आलं. आम्ही तिची खाट प्रत्येक खोलीत नेऊन पाहिली. सगळीकडं तोच कुबट वास. दुसरं घर आम्हाला कोण देणार होतं?

पुढच्या सणाला लोकांनी ओल पाहिली आणि बिचाऱ्यांनी पुन्हा सिमेंटच आणलं. वडील काही बोलणार, तोच आईनं त्यांची बाही धरली. "ऱ्हाऊ द्या. लई मायेनं आनलंय." वडिलांनी हात वर करून पोत्यांवर आशीर्वाद मागितला. मला दोघांचाही संताप आला. पण त्यांच्या जागी मी असते तर काय बोलले असते, ते मला आजही सुचत नाही.

त्यानंतरच्या पावसात आई गेली. तीच माणसं आली, आमच्यापेक्षा जास्त रडली. निघताना आप्पांनी तिच्या खोलीच्या भिंतीवर थाप मारली.

"एवढ्या पावसात बी कशी घट्ट हाय बघा."

"व्हय," वडील म्हणाले.