उखाण्यापुरतं नाव

मी सिंगापुरातल्या कार्यक्रमांवर ब्लॉग लिहिते. गणपती, कोजागिरी, मंगळागौर, पाककला स्पर्धा, कम्युनिटी क्लबातले 'विविधतेत एकता' छापाचे मेळावे, काही म्हणजे काही सोडत नाही. लोक मला आवर्जून बोलावतात आणि मी आले की जरा सांभाळून बोलतात. मंडळातल्या बायका मला तोंडावर 'आमची लेखिका' म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, कारण पाठीमागेही त्यांना हळू बोलता येत नाही. माझी काही तक्रार नाही. मीही त्यांच्याबद्दल फारसं चांगलं लिहीत नाही.

ती मला अशाच एका मेळाव्यात भेटली, हौगांगच्या कम्युनिटी क्लबात. तीही ब्लॉगवालीच. पेरू देशातली, लिमा शहरातली, इथे एका जहाज कंपनीत नोकरीला आणि पासिर रिसला एकटी राहणारी. आयोजकांनी तिच्या डोक्यावर मेक्सिकोची रुंद टोपी चढवली होती आणि 'नाच, नाच' करून मागे लागले होते. तिला नाचता येत नाही. मेक्सिको तिच्या देशापासून किती लांब आहे हे तिने माइकवर शांतपणे सांगितलं, तर लोकांनी ताल धरून टाळ्या वाजवल्या. मग माइक माझ्याकडे आला आणि माझी ओळख 'बॉलिवूडच्या देशातून आलेल्या' अशी करून दिली गेली. मी सदाशिव पेठेतली. खाली उतरल्यावर तिने टोपी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घे, आता तुझी पाळी." त्या दिवसापासून आमचं जमलं.

पुढे आम्ही जोडीने कार्यक्रमांना जायला लागलो. परक्या बाईशी आपले लोक कसे वागतात हे शेजारी उभं राहून बघण्यासारखं असतं. पेरू हे नाव ऐकून आमच्या बायका जे विनोद करतात ते इथे लिहीत नाही, तुम्हाला सुचलेच असतील. एकदा तिने बटाट्याचा एक पदार्थ करून आणला, तर एकीने कौतुकाने विचारलं, "अय्या, तुमच्याकडे बटाटा मिळतो?" बटाटा ज्या मुलखातून जगभर गेला तिथल्या बाईला हा प्रश्न. ती म्हणाली, "मिळतो, थोडाफार." घरी जाऊन तिने त्यावर जे लिहिलं ते वाचून मी खुर्चीतून पडायची बाकी होते.

आमच्यात आणखी एक गोष्ट सारखी होती. तिचा नवरा वारलेला, आणि माझेही हे दोन वर्षांपूर्वी गेले, बॅडमिंटन खेळता खेळता.

पण ती नवऱ्याचं नाव सारखं घ्यायची. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, वाडग्यातली पहिली चव घेतली की नाव घेऊन म्हणायची, त्याला हे मुळीच आवडलं नसतं. बस चुकली की नाव, पाऊस आला की नाव. नोव्हेंबरात तिच्याकडे मेलेल्या माणसांचा दिवस असतो, तेव्हा टेबलावर त्याचा फोटो मांडून, बिअर ओतून ती त्याच्याशी भांडत बसली होती. मला तिचा हेवा वाटायचा. साधा नाही, पोटात दुखण्याइतका.

कारण मी यांचं नाव कधी घेतलंच नव्हतं. सासूबाई लग्नापासून आमच्याबरोबर, त्यांच्यासमोर नावाने हाक मारायची पद्धत नव्हती, आणि मीही कधी हट्ट केला नाही. 'अहो', 'ऐकलंत का', दुसऱ्यांशी बोलताना 'हे'. अठ्ठावीस वर्षं यावर संसार निभावला. त्या दिवशी हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं, तर मी पर्समधून यांचं कार्ड काढून पुढे केलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा कार्ड पुढे केलं. मग तिने मला इंग्रजी येत नाही असं समजून कुणालातरी भाषांतराला बोलावलं. आत हे जात होते आणि बाहेर मी कार्ड धरून उभी होते.

नाव मी घ्यायची ते फक्त उखाण्यात. तिथे मात्र मला तोड नव्हती. हळदीकुंकवाला मंडळातल्या निम्म्या बायका माझ्याकडून उखाणे लिहून घ्यायच्या आणि माझ्यासमोरच स्वतःचे म्हणून खपवायच्या. माझी पाळी आली की सगळ्या गप्प बसायच्या. तेवढं एकदा वर्षातून ते नाव माझ्या तोंडून मोठ्याने बाहेर पडायचं आणि घरी गेल्यावर हे विचारायचे, "काय, आज आमचा उद्धार झाला का?" हे गेले तेव्हा उखाणाही गेला, कारण विधवेला उखाणा कोण विचारतं? त्यानंतरच्या हळदीकुंकवाला अध्यक्षीणबाईंनी माझ्या गळ्यात कॅमेरा अडकवला. "तुझ्यासारखे फोटो कुणालाच येत नाहीत गं." कॅमेरा हातात दिला की बाईला रांगेत बसवावं लागत नाही, ही युक्ती मला तेव्हाच कळली होती. टिकली मी रोज लावते, तिला कुणी हरकत घेतली नाही, ती दुकानात मिळते. कुंकू दुसरीच्या हातून यावं लागतं.

यंदा संक्रांतीच्या आधी मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण आलं. 'सर्व भगिनींसाठी हळदीकुंकू.' त्यातलं 'सर्व' ठळक अक्षरात. मी अध्यक्षीणबाईंना फोन केला. त्या एका बँकेत मोठ्या पदावर आहेत आणि फोनवरही समोर मीटिंग चालू असल्यासारख्या बोलतात. सगळ्या त्यांना वहिनी म्हणतात, मीही.

"वहिनी, सर्व म्हणजे मीसुद्धा?"

"अगं, सर्व म्हणजे सर्व! काळ बदललाय. तुझ्या त्या मैत्रिणीलाही आण. परदेशी पाहुणी असली की कसं छान वाटतं."

फोन ठेवला आणि मी वेड्यासारखी उखाणा जुळवायला बसले. एक तिच्यासाठी, सोपा, इंग्रजी अक्षरांत लिहून. एक माझ्यासाठी. दोन वर्षांनी त्या नावाला बाहेर यायला वाट मिळणार होती, त्या हॉलमध्ये, त्याच बायकांसमोर. मला बाकी काही नको होतं. सासूबाईंनी माझी काळी चंद्रकळा कपाटातून काढून दिली. त्यांना कुंकू पुसून तीस वर्षं झाली. म्हणाल्या, "जा. पण तोंड वासून बसू नकोस."

कार्यक्रम हौगांगला एका काँडोच्या फंक्शन रूममध्ये होता. एसी इतका मोठा की हलव्याचे दागिने घातलेली छोटी मुलगी कुडकुडत होती. मैत्रिणीला आल्या आल्या दोघींनी आत नेलं आणि नऊवारी नेसवून, नाकात नथ अडकवून बाहेर आणलं. दिसत होती मात्र देखणी. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, 'कित्ती गोड' झालं, सेल्फी झाले, तिच्या गालाला हात लावून झाला. माझ्या गळ्यात कॅमेरा आलाच. "सुरुवातीचे तेवढे काढ," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मग तूही बस हं." मी काढत राहिले. रांग माझ्यासमोरून सरकत होती, हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, आणि वाण म्हणून घडी होणारी कापडी पिशवी.

मग उखाणे. नेहमीच्या दहा बायकांनी नेहमीचे दहा घेतले, त्यातले चार माझेच होते. मैत्रिणीला पुढे ढकललं. तिने कागद न बघता घेतला:

"सात समुद्र ओलांडले, लागली इथली गोडी,
...चं नाव घेते, द्या तिळाची वडी."

हॉल डोक्यावर घेतला बायकांनी. अध्यक्षीणबाईंनी स्वतः उठून तिला हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि इंग्रजीत विचारलं, "आता गुढीपाडव्याला नवऱ्यालाही घेऊन ये. आज कुठे ठेवलंस त्याला?"

"तो वारला," ती म्हणाली. नेहमी म्हणते तशी, सरळ. "चार वर्षं झाली. तो असता तर या वड्या एकट्यानेच संपवल्या असत्या."

एसीचा आवाज ऐकू यायला लागला. पुढच्या रांगेतल्या एकीने आपल्या मुलीला जवळ ओढलं, का ते देव जाणे. अध्यक्षीणबाईंच्या बोटांवर कुंकू होतं, ते त्यांनी रुमालाला पुसलं. पण बँकेतली बाई ती, हातचं जाऊ देणारी नव्हे. त्यांनी माइक उचलला.

"मैत्रिणींनो," त्या म्हणाल्या, "आज आपल्या मंडळाने एक मोठं पाऊल टाकलंय. आपण एका विधवा भगिनीला मानाने कुंकू लावलं! हाच तो बदलता महाराष्ट्र, इथे, सिंगापुरात! जोरदार टाळ्या!" आणि माझ्याकडे वळून, माइक थोडा बाजूला करून, "फोटो घे गं, फोटो! हा आपल्या अंकाच्या मुखपृष्ठाला जाईल."

मी फोटो घेतला. खरंच घेतला. एकीचं कपाळ, दुसरीचा हात, मागे टाळ्या वाजवणाऱ्या बायका, चांगला आलाय तो. मग कॅमेरा गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवला आणि पुढे जाऊन उभी राहिले.

"वहिनी, आता मला लावा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते दुधात माशी दिसावी तसं, पण आवाज अगदी मऊ काढला. "अगं, तुझं वेगळं आहे. ती पाहुणी, त्यांच्यात चालतं. तुझ्या घरी सासूबाई आहेत, त्यांच्या मनाला काय वाटेल? आम्हाला तुझ्यावर जबरदस्ती नाही गं करायची."

"मीच म्हणतेय ना लावा म्हणून."

"भावनेच्या भरात नको. आपण नंतर निवांत बोलू." आणि कुंकवाचा करंडा त्यांनी झाकण लावून बंद केला. कट्कन आवाज झाला. इतका राग मला हे गेले तेव्हा देवाचाही आला नव्हता. मागून एक बाई म्हणाली, "नेहमी असंच करते ही, तमाशा," आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

कुंकू नाही तर नाही, म्हटलं. उखाण्याला कुणाची बोटं लागत नाहीत. मी बायकांकडे तोंड केलं आणि सुरू केलं:

"कपाळ झालं मोकळं, उरल्या आठवणी..."

"चला चला!" माइकमधून अध्यक्षीणबाई, "गुळाच्या पोळ्या गार होतायत, ताटं घ्या!"

खुर्च्या सरकल्या. चाळीसएक खुर्च्या एकदम फरशीवर ओढल्या की कसा आवाज होतो तुम्हाला माहीत असेल. त्या आवाजात मी दुसरी ओळ पूर्ण केली. नाव माझ्या तोंडून निघालं एवढं मला ओठांवरून कळलं, कानांना काही ऐकू आलं नाही. बायका माझ्या दोन्ही बाजूंनी, साडीचा काठसुद्धा लागू न देता, ताटांकडे गेल्या. मैत्रीण एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला मराठीचं अक्षर कळत नाही.

जेवलो नाही. ती साडी बदलून आली, नथ अध्यक्षीणबाईंच्या हातात परत दिली आणि आम्ही निघालो. लिफ्टमध्ये आणखी तीन बायका शिरल्या, हातात वाणाच्या पिशव्या, लवकर निघणाऱ्या. लिफ्टच्या आरशात मैत्रिणीच्या कपाळावरचं कुंकू साडी बदलताना नाकापर्यंत फिसकटलेलं दिसत होतं.

"काय झालं ते मला तू उद्या सगळं सांग, मी लिहिणार आहे," ती म्हणाली. "पण आधी एक. आपण इतके महिने भेटतोय आणि मला त्याचं नाव माहीत नाही. आत्ता आवाजात ऐकू आलं नाही. काय नाव त्याचं?"

मी तोंड उघडलं. साधं तर होतं, तीन अक्षरी नाव. जीभ टाळ्याला लागली आणि तिथेच राहिली. अठ्ठावीस वर्षांत ते कधी नुसतं, एकटं बाहेर आलंच नव्हतं, आणि आता काही केल्या येईना. त्या तिघी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होत्या, त्यातलीच ती तमाशावाली. लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, त्या घाईने उतरल्या. मैत्रीण दारात पाय अडकवून उभी राहिली. दार बंद व्हायला बघत होतं, तिच्या पायाला लागून परत उघडत होतं, आणि लिफ्ट पींपीं करत होती.

"मी थांबते," ती म्हणाली. "सांग."

मग मी, नेसलेल्या चंद्रकळेत, तिच्याशिवाय कुणी ऐकायला नसलेल्या त्या लिफ्टमध्ये, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.