टर्बोची शिट्टी

दारव्ह्यात माझं गॅरेज आहे. डिझेल गाडीचा टर्बो बिघडलाय की नाही हे मी नुसत्या आवाजावरून सांगायचो, म्हणून लोक लांबून यायचे.

इंजिनातला गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये त्या धुराच्या वाटेत एक चक्र असतं. धुराच्या जोरानं ते फिरतं, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त मिळाली की डिझेलही जास्त जाळता येतं, आणि लहानसं इंजिन भरलेली गाडी चढावर ओढून नेतं. तो दांडा डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगानं, तेलाच्या पातळ थरावर फिरत असतो. तो झिजला की त्याची बारीक शिट्टी बदलते. मी ती शिट्टी ओळखायचो.

पन्नाशीनंतर ती कमी ऐकू येऊ लागली. मला वाटलं, नव्या गाड्याच कमी वाजतात. मग एकदा नातीला ताप होता. मी तिच्या काखेत थर्मामीटर धरून बसलो होतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "वाजलं ना केव्हाचं, काढा नं!"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही.

वर्षभरानं जवळच्या तांड्यावरचा, सवाऱ्यांची जीप चालवणारा काळीपिवळीवाला आला. वीस वर्षं त्याची गाडी दुरुस्तीला माझ्याकडेच येत होती. "भाऊ, पिकअप नाही घेऊन राह्यली. जरा ऐका."

त्यानं रेस दिली. मी सवयीनं डोळे मिटले. इंजिनाची घरघर तेवढी आली. "टर्बो ठीक हाये, फिल्टर बदलू," मी म्हणालो. पाइप काढून दांडा बोटानं हलवून पाहिला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण गाडी आणणारे मला बोटानं तपासताना पाहतील, याची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या रस्त्यावर टर्बोचा दांडा गेला. तेल थेट इंजिनात शिरलं. असं झालं की इंजिन ते तेलच जाळत सुटतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही. धुरानं रस्ता दिसेना. त्यानं आधी सगळ्या सवाऱ्या उतरवल्या, मग खांद्यावरचा दुपट्टा हवेच्या पाइपात कोंबला. इंजिन थांबलं, पण तोवर ते जाम झालं होतं आणि त्याचा उजवा हात भाजला होता.

मी तांड्यावर गेलो. तो खाटेवर बसला होता.

"मले ती शिट्टी ऐकू येत नाही," मी म्हणालो. "सालभरापासून."

"माहीत हाये मले. आजकाल तुम्ही तोंडाकडे पाहूनच बोलता."

"मंग गाडी काहून आणली माह्याकडे?"

तो पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत राहिला. "वीस वर्ष आणतो नं, भाऊ. दुसरीकडे कायले जाऊ?"

यवतमाळच्या डॉक्टरनं कान तपासले. गॅरेजच्या आवाजानं गेले, म्हणाला. मशीन लावलं तर बोलणं कळेल, बारीक आवाज परत येणार नाहीत.

गाडी भंगारात गेली. काळीपिवळीवाला आता स्टँडवर दुसऱ्यांच्या गाड्यांत सवाऱ्या बसवून देतो. मी ऑइल बदलतो, ब्रेक पाहतो, टर्बोवाल्यांना यवतमाळला पाठवतो. कधी कधी आम्ही सोबत चहा घेतो. गाडीचा विषय कुणी काढत नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत, कप तो डाव्या हातात धरतो.