आत्याची टोपी आणि बाबांचा कान

माझी आत्या शाळेचे गणवेश शिवते. त्या शुक्रवारी तिचा जीव दोनशे बारा टोप्यांपायी टांगणीला लागला होता. माझाही, कारण निम्म्या टोप्यांच्या कडा मी शिवल्या होत्या. सकाळी सहाला आम्ही गाठोडी बांधत होतो आणि माझ्या तोंडाला खीळ बसत नव्हती.

हे सगळं बाबांच्या कानावरून सुरू झालं. बाबा त्याच शाळेत खेळाचे शिक्षक. सव्वीस वर्षं भर दुपारी मैदानावर, तेही बोडक्या डोक्याने. कोणी सावलीत सरकलं की विचारायचे, "मेणाचा आहेस का, वितळायला?" अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या कानाच्या टोकावर खपली धरली. धरायची, निघायची, पुन्हा धरायची. बाबांनी सहा महिने काणाडोळा केला. शेवटी आत्याने दंडाला धरून दवाखान्यात नेलं. त्वचेचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या उन्हाने झाला असणार. वेळेत आलात म्हणून कानाच्या तुकड्यावर भागलं. शाळेत मात्र बाबांनी सांगितलं, कुत्रं चावलं. आमचे बाबा म्हणजे पडले तरी नाक वर.

आत्या पेटली ती वेगळ्याच गोष्टीने. कॉलरीची मापं घेताना तिला दर वर्षी मुलांच्या भाजलेल्या माना दिसायच्या. आणि शाळेची टोपी कशी, तर पुढे बोटभर चोच, कान आणि मान उघडे. तीच टोपी ती अठरा वर्षं शिवत आली होती. "माझ्याच हातची गं," एवढंच म्हणाली आणि कात्री उचलली. तिने गोल टोपी बेतली, चहूबाजूंनी चार बोटं रुंद कडेची. मग मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे हात धुऊन लागली. ही टोपी गणवेशात घ्या, दुपारचा खेळाचा तास सकाळी आणा. बाई वाईट नाहीत, पण गणवेश म्हणजे त्यांच्या लेखी दगडावरची रेघ.

तरी एकदा घालून बघा म्हणाल्या, आणि तिथेच आत्याने माती खाल्ली. टोपी तिने दुकानातल्या लाकडी डोक्यावर बेतली होती. लाकडी डोकं कधी पळतं का? मुलं पळाली तशी कड लपकन डोळ्यांवर आली, दोघं एकमेकांवर आपटले आणि टोपीचं नाव पडलं 'पातेलं'. बाई म्हणाल्या, शुक्रवारी शेवटची संधी. टोप्या टेबलावर मांडा, सक्ती नाही. निम्म्या मुलांनी आपणहून घातल्या तर गणवेशात, नाहीतर विषय बंद.

चार दिवसांत आम्ही सगळ्या टोप्या उसवल्या. पुढच्या कडेत कॉलरीत घालतात ते कडक कापड, बकरम, घातलं, मागची कड मऊ ठेवली, हनुवटीखाली इलॅस्टिक लावलं. मी टोपी घालून गल्लीत तीन फेऱ्या पळाले. शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो, कड जराही हलली नाही. आत्याने मला भर रस्त्यात मिठी मारली, तोंडातल्या टाचण्यांसकट.

शुक्रवारी मुलं मैदानावर रांगेत उभी राहिली. टेबलाकडे एकही हात येईना. मागून कोणीतरी 'पातेलं' म्हणालं आणि हशा पिकला. बाई घड्याळाकडे बघत होत्या.

तेवढ्यात बाबांनी शिट्टी फुंकली. ते पुढे आले आणि त्यांनी अर्धा कान मुलांकडे केला.

"मला कुत्रं चावलेलं नाही. मी खोटं बोललो. उन्हात उघड्या डोक्याने मिरवत राहिलो आणि कर्करोग झाला. तुम्हालाही तेच शिकवलं. चुकलो मी."

बाबांच्या तोंडी 'चुकलो' हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मला रडू येत होतं आणि नाचावंसंही वाटत होतं.

पाचवीतल्या एका दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "मग सर, तुमची टोपी कुठेय?"

बाबा बोडकेच होते. टेबलावरच्या सगळ्या टोप्या मुलांच्या मापाच्या. आत्या वाकली आणि पिशवीच्या तळातून एक निळी, मोठ्या मापाची टोपी काढली. बाबांच्या कानाला टाके होते त्या आठवड्यात तिने ती शिवली होती. "मी बुजगावणं आहे का?" म्हणून त्यांनी तेव्हा ती भिरकावली होती. तिने ती जपून ठेवली होती आणि आता तिच्यातही बकरम घातलं होतं.

बाबांनी मुकाट्याने टोपी घातली. त्या मुलीने त्यांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि टेबलावरची एक टोपी उचलली. मग असा काही लोंढा आला की टेबल आडवं झालं. बाईंनी दीडशेपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. सोमवारपासून खेळाचा तास सकाळी, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

घरी बाबा टोपी घालूनच जेवायला बसले. आत्या म्हणाली, "दादा, आता सावलीत आहेस, काढ ती."

"राहू दे," बाबा म्हणाले, "दोन वर्षं उशीर झालाय."