चालू आहे, हात लावू नका

सुधारणा या शब्दाचा इतका धसका घेतलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझ्या धाकट्या मेहुणीचे सासरे गिरगावातल्या एका वाडीत, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात; आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून, किंवा त्याच्या बरंच आधीपासून, चालू असलेल्या वस्तूला हात लावणं हा त्यांच्या लेखी गुन्हा आहे. घरातला पंखा कुरकुरतो, पण फिरतो, म्हणून ते त्याला तेल घालू देत नाहीत. वाण्याकडच्या चहाच्या पुड्याचं वेष्टन बदललं, तर आतला चहा तोच आहे याची खात्री पटेपर्यंत जुना पुडा पुरवून पुरवून वापरतात. चाळीच्या जिन्याला नवा कठडा बसला, तेव्हा काका कितीतरी दिवस भिंतीला धरून चढत होते. मी विचारलं तर म्हणाले, "जुन्या कठड्यानं इतक्या वर्षांत कुणाला पाडलं नाही. याचं अजून काही सिद्ध व्हायचंय."

मी दादरला राहतो म्हणून ते मला "दादरकर" म्हणतात. आमच्या पहिल्या भेटीत त्यांनी मला घर दाखवलं आणि आतल्या खोलीच्या दारात हात आडवा धरून थांबवलं. तिथं एक संगणक होता आणि त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवलेली होती : "चालू आहे, हात लावू नका." मी लांबूनच नमस्कार केल्यासारखं पाहिलं. पुढे ओळख वाढल्यावर मला खुर्चीपर्यंत जायची परवानगी मिळाली, माउसपर्यंत मात्र नाही.

या संगणकावरून त्यांचे आणि मुलाचे, म्हणजे निखिलचे, नेहमी खटके उडत. निखिल परळच्या एका मोठ्या ऑफिसात कामाला आहे. तो म्हणे, "बाबा, अपडेट्स सुरक्षिततेसाठी असतात." काका म्हणत, "चोर येऊ नये म्हणून रोज कुलूप बदलतोस, ठीक आहे. पण नव्या कुलपाची किल्ली माझ्याकडे कुठे आहे?" संगणकाला इंटरनेटची वायर ते फक्त कामापुरती जोडत, आणि जोडलेली असेपर्यंत दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभं राहावं तसे शेजारी उभे राहत.

आता तो संगणक कशासाठी होता, ते सांगायला हवं. काकू मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. बोलायला लागल्या की समोरच्याला फक्त श्वास घेण्यापुरती फट मिळे. मग त्यांना स्नायू एकेक करून निकामी करणारा आजार झाला. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ जड होत होत वाचाच गेली. बुद्धी आणि डोळे मात्र होते तसेच तल्लख राहिले. तेव्हा निखिलनंच कुठून तरी ते यंत्र मिळवलं : पडद्याखाली बसवायची एक काळी पट्टी, जी काकू कुठं बघताहेत ते ओळखते. पडद्यावर अक्षरं येत, काकू एकेक अक्षर नजरेनं टिपत, वाक्य पुरं झालं की संगणक ते बाईच्या आवाजात मोठ्यानं म्हणे. आवाज अगदी सपाट. काकूंच्या "अहो"मध्ये पूर्वी जे चढउतार असत, ते त्यात कुठून येणार? काकांना कळेना, ही रागावली आहे की नुसती हाक मारते आहे. यावर काकूंनी उपाय काढला. त्या वाक्यामागे भाव जोडू लागल्या. "अहो, आमटी खारट झाली आहे. रागाने." "अहो, जेवून घ्या. प्रेमाने."

त्या पट्टीचा आणि संगणकाचा संवाद घडवतो तो ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे दोघांमधला दुभाषी. पट्टी जुनी, बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेलच बंद केलेलं. तिची भाषा येणारा दुभाषीही जुनाच. संगणकाला मात्र नव्या माणसांची हौस. संधी मिळाली की तो जुन्याला काढून नवा बसवी, आणि नव्याला ही पट्टी म्हणजे एक साधा कॅमेरा वाटे. असं एकदा घडलं होतं आणि काकू दोन दिवस मुक्या झाल्या होत्या. निखिलनं ते दुरुस्त केलं, ड्रायव्हर आपोआप बदलू नयेत अशी सेटिंग केली. काकांनी त्या दिवशी चिठ्ठी डकवली.

पुढे काकूंना श्वास पुरेना. परळच्या एका इस्पितळातल्या डॉक्टरबाई त्यांना बघत. त्यांचं म्हणणं, गळ्याला छेद घेऊन नळी बसवायची आणि श्वासाचं यंत्र जोडायचं की नाही, हे आता ठरवावं लागेल, आणि ते काकूंनी स्वतः ठरवावं. त्यासाठी त्या दुपारी घरी येणार होत्या. निखिलला नेमकं कामासाठी बाहेरगावी जावं लागलं होतं. त्याचं परतीचं विमान हवेत असतानाच डॉक्टर येणार, म्हणून मेहुणीनं मला बोलावलं. "भाऊजी, डॉक्टर काय सांगतात ते ऐकायला आणखी एक जण असू द्या. मला एकटीला सुधरणार नाही."

मी जिना चढून वर गेलो तर काका दारातच उभे. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "दादरकर, ही गप्प झाली."

मी चपलांसकट आत निघालो. काकांनी माझा दंड धरला. "नाही, नाही. आहे. बघतेय सगळं. पण यंत्र तिचं ऐकत नाही."

झालं होतं असं की आदल्या संध्याकाळी काकूंना रत्नागिरीच्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. एवढा मोठा निर्णय, बहिणीला विचारल्याशिवाय कसा घेणार? काकांनी वायर जोडली, शेजारी उभे राहिले, बोलणं संपल्यावर वायर काढली. पण तेवढ्या वेळात संगणकानं एक भलंमोठं अपडेट आत घेतलं होतं. सकाळी सुरू केल्यावर ते बसलं, आणि बसताना निखिलनं केलेली सेटिंग पुसून, नवा ड्रायव्हर बसवून मोकळं झालं. काका तेव्हापासून झटत होते.

मी आत गेलो. काकू खुर्चीत, मानेला आधार दिलेला, श्वास उथळ. नजर पडद्यावर. अक्षरं समोर होती, पण त्या ज्याकडे बघत ते अक्षर टिपलंच जात नव्हतं. मेहुणी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आई डोळे मिटून सांगू शकतात की. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. डॉक्टरांना तेवढं पुरेल."

"डॉक्टरांना पुरेल," काका म्हणाले. "पण हिला काही विचारायचं असलं तर?"

 सकाळपासून झटून काकांना जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी माउस माझ्याकडे दिला. ज्या वस्तूला शिवायची मला कधी परवानगी नव्हती, ती त्यांनी माझ्या मुठीत ठेवली आणि स्वतः मागे उभं राहून सांगू लागले. यंत्रांची यादी उघडा. पट्टीचं नाव शोधा. तिथं जुन्या ड्रायव्हरकडे परत जायचं एक बटण असतं. होतं, पण फिकट पडलेलं, दाबताच येईना. संगणकानं परतीची वाटच ठेवली नव्हती. "मग नवा काढून टाका," काका म्हणाले. काढला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. तो सुरू होईपर्यंत खोलीत फक्त काकूंचा श्वास ऐकू येत होता. पडदा उजळला, आणि नवा ड्रायव्हर होता तिथं हजर.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांना इस्पितळात परत पोचायचं होतं. परिस्थिती ऐकून त्यांनी काकूंसमोर खुर्ची ओढली आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "काकू, आपण सोपं करू. मी विचारते, तुम्ही फक्त डोळे मिटून सांगा. नळी बसवूया?"

काकूंनी डोळे मिटले नाहीत. एकदा नाही, दोनदा नाही. ताणून उघडे ठेवले. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी हलू दिली नाही, आणि त्या पाण्यातून नजर त्या काळ्या पट्टीवर रोखलेली. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "थांबते मी. करा तुम्ही."

मी पुन्हा यादी उघडली. नवा ड्रायव्हर काढताना खाली एक छोटा चौकोन दिसला. ड्रायव्हरची फाइलसुद्धा पुसायची का, असं तो विचारत होता. मघाशी घाईत तो आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटला होता. म्हणजे आम्ही नव्या माणसाला दाराबाहेर काढलं होतं आणि त्याचं अंथरूण घरातच ठेवलं होतं. या वेळी चौकोनात खूण केली. काकांनी देव्हाऱ्याच्या खणातून, कापूर आणि फुलवातींच्या शेजारून, पेनड्राइव्ह काढून आणला. निखिलनं मागच्या वेळी जुना ड्रायव्हर त्यात जपून ठेवला होता. तो बसवायला घेतला तर पडद्यावर इशारा आला, हा जुना आहे, तरी हवा आहे का? मी बटण दाबायच्या आत काका पडद्यालाच म्हणाले, "हो. हाच हवाय."

मग काकूंच्या डोळ्यांची पट्टीशी पुन्हा ओळख करून द्यायची होती. पडद्यावर एक ठिपका कोपऱ्याकोपऱ्यात फिरतो, त्याच्यामागे नजर न्यायची. डोळे दमलेले, पाणावलेले. पहिल्यांदा जमलं नाही. मेहुणीनं मऊ कापडानं डोळे टिपले. दुसऱ्यांदा शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जमलं. अक्षरं आली.  एकेक अक्षर उमटत गेलं आणि तो सपाट आवाज खोलीत बोलला :

"रात्री नळी साफ कोण करणार?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरातलं कुणीतरी. रात्रीतून बऱ्याचदा उठावं लागतं."

"म्हणजे हे. यांना झोप मिळेल का?"

"खरं सांगायचं तर, फार कमी."

काका पुढे झाले. "अगं, माझ्या झोपेचं काय घेऊन बसलीस..."

"मी डॉक्टरांशी बोलते आहे. रागाने."

काका मागे सरले. इतका आनंदानं गप्प बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. नंतर काकूंनी सावकाश, थकत, मध्ये थांबत अट घातली : रात्रीची नर्स आधी मिळाली पाहिजे, नळी नंतर. नर्स नाही तर नळी नाही. डॉक्टरबाईंनी नर्स शोधून द्यायचं कबूल केलं, आणि उशीर झाला तरी जिना उतरताना घाई केली नाही. त्यानंतर काकांनी मला शेजारी बसवून ड्रायव्हर आपोआप घेण्याची सेटिंग पुन्हा बंद करून घेतली, शिवाय तो नवा ड्रायव्हर पुन्हा दाखवूच नये अशी तजवीज केली. दुसऱ्या दिवशी निखिलनं सगळं तपासलं आणि वडिलांशी वाद न घालता पेनड्राइव्हच्या दोन नकला करून दिल्या.

नर्स मिळाली, नळी बसली. काकूंनी आणखी दोन दिवाळ्या पाहिल्या आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत बोलल्या. त्यांच्या मागं काकांनी संगणक आणि पट्टी, दोन्ही लालबागच्या एका कुटुंबाला देऊन टाकली. तिथल्या कर्त्या माणसाला तोच आजार झालेला. ड्रायव्हर जागेवर आहे ना, हे बघायला काका बस पकडून तिकडे जातात. एकदा मीही बरोबर गेलो. खाली मसाला कांडायच्या गिरणीचा आवाज, खोलीत मिरचीचा ठसका आणणारा खाट. काकांनी तपासणी केली, समाधानानं मान हलवली आणि उठू लागले, तेवढ्यात यंत्र बोललं, "काकानू, बसा. च्या घेवन जावा." मालवणी शब्द, आणि बाईचा तोच सपाट आवाज. आम्ही चहा पिऊनच निघालो होतो. काका म्हणाले, "अर्धा कप चालेल," आणि खाली बसले.

त्या माणसाच्या बायकोनं मला गॅलरीत गाठलं. हलक्या आवाजात म्हणाली, "त्येच्यात पुरुषाचो आवाज पण आसा. मुलगो लावतलो होतो. पण ह्येनीच नको म्हटल्यानी. म्हणाले, काका येतत तवसर होच बाईचो आवाज रवांदे."

मी आत पाहिलं. आवाज विचारत होता, साखर बरी आसा मा? काका कप हातात धरून पडद्याकडे बघत होते. त्यांनी अजून एक घोटही घेतला नव्हता. "बरी आहे," ते म्हणाले, "अगदी बरी आहे."